सितुजूच्या नावावर कानांगचं काळीज

आमच्या बेटावरून हजला जायचं म्हणजे आधी रांगेत म्हातारं व्हायचं. दाएंग सितुजूनं नाव नोंदवलं तेव्हा त्याच्या दारातला माड शेळीएवढा होता. नंबर लागल्याचा निरोप आला तेव्हा त्याच माडावर नारळ काढायला चढलेला माणूस खाली येईपर्यंत त्याला दाढी फुटलेली असायची. तरी सितुजूचं नशीब चांगलंच म्हणायचं. तेव्हा पैसे एकापुरतेच जमले होते, म्हणून त्याच्या बायकोचं, कानांगचं, नाव पुष्कळ मागून लागलं. कचेरीतल्या माणसानं हिशेब करून तिला सांगितलं, "अम्मा, तुमचा नंबर येईल तेव्हा तुम्ही एकशेसात वर्षांच्या असाल."

"बरं झालं," कानांग म्हणाली. "तोवर गुडघे बरे होतील."

मी त्यांच्या शेजारचा. आमची घरं खांबांवर उभी, खाली समुद्र, आणि मधल्या बांबूच्या भिंतीला इतक्या फटी की तिकडे मासा तळला की मी इकडे कोरडा भात त्या वासावर खावा. त्यामुळे पुढचं निम्मं मी पाहिलेलं आणि निम्मं ऐकलेलं आहे. आमच्याकडे वय झालं की बाईमाणूस असो की बाप्या, त्याला दाएंग म्हणतात. त्या घरात दोन दाएंग आणि एक मांजर, एवढीच वस्ती.

सितुजूला बीपी होतं. साधंसुधं नाही. समुद्रशेवाळाच्या भावावरून व्यापाऱ्याशी भांडताना त्याच्या कपाळावरची शीर अशी उडायची की धक्क्याला बांधलेल्या होड्या डुलू लागायच्या. आणि बीपी ताब्यात नसेल तर हजच्या कागदावर डॉक्टर सही करत नाहीत. सही नाही तर विमान नाही. तपासायला दर आठवड्याला पलीकडचं मकास्सर शहर गाठायचं तर होडीचा खर्च आपला, दवाखान्याचा सरकारचा, आणि दोघांनाही तो नको होता. म्हणून किनाऱ्यावरच्या आरोग्य केंद्रातली नर्स हस्नियार एक दिवस मशीन घेऊन आली.

"दवाखान्यातली एक खाट जेवढं खाते तेवढ्यात असली ढीगभर मशिनं येतात, दाएंग," ती म्हणाली. "रोज सकाळी दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं. याच्या पोटात सिमकार्ड आहे, आकडे आपोआप माझ्याकडे येतात. तुम्ही बेटावर, मी किनाऱ्यावर, पण तुमचं काळीज माझ्या टेबलावर."

"लग्न झाल्यापासून मी शोधतेय, मला नाही सापडलं," कानांग म्हणाली. "तुला टेबलावर सापडणार!"

गोळ्या तिनं आधीच दिल्या होत्या. त्यातली एक लघवीची होती. आता समुद्रात दोऱ्यांना बांधून वाढवलेलं शेवाळ बघायला जायची आमची होडी एवढी अरुंद की तीत शिंकायचं तर आधी बसावं लागतं. सितुजूला दर थोड्या वेळानं उठून उभं राहायची पाळी आली. दोनदा होडी उलटली, आणि त्या आठवड्यात समुद्राची पातळी बोटभर वाढली ती भरतीमुळे नव्हे, हे मी आजही शपथेवर सांगेन. मग त्यानं गोळ्या बंद केल्या. रोजची गोळी तो फळ्यांच्या फटीतून खाली सोडून द्यायचा. आमच्या घरांखालचे मासे त्या वर्षी फार शांत स्वभावाचे होते.

पहिल्या दिवशी त्यानं स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला. बटण दाबलं आणि चहा ओततोय तोच फोन वाजला.

"दाएंग, हे काय आकडे आहेत? गोळ्या घेता ना?"

"घेतो की."

"हे असंच राहिलं तर सही व्हायची नाही हां. आधीच सांगून ठेवते."

घरात एका खुंटीला कोरी पांढरी टोपी टांगलेली होती, हाजी होऊन आल्यावर घालायची. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून कानांग ती रोज झटकायची. त्या दिवशी तिनं ती झटकली आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"उद्या माझा दंड लावा."

"वेडी झालीस काय?"

"माझं सगळंच तर तुमच्या नावावर आहे. घर तुमच्या नावावर, होडी तुमच्या नावावर. आता एक दंड झाला तर काय बिघडलं? तिथं जाऊन माझ्यासाठी दुआ मागा म्हणजे झालं. माझा एकशेसातचा नंबर थोडा अलीकडे आला तर बघा."

दुसऱ्या दिवसापासून सितुजूचं बीपी एखाद्या नवरीसारखं झालं. हस्नियार खूष. तिनं इतर बेटांवरच्या पेशंटांना सांगितलं, "दाएंग सितुजूकडून शिका." मग माणसं होडीतून यायला लागली. सितुजू ओट्यावर बसून त्यांना मीठ कसं सोडायचं ते सांगायचा. सांगताना हातात खारवलेला मासा असायचा. "याच्याकडे बघायचं," तो म्हणायचा, "आणि मन आवरायचं." मग पाहुणा वळला की मन मोकळं सोडायचा.

मला हे सगळं फटींतून दिसतच होतं. एवढी चांगली गोष्ट पोटात ठेवणं मला जमलं नाही. धक्क्यावर हस्नियार भेटली तेव्हा मी तिला सांगितलं, "पोरी, तुझ्या टेबलावरचं काळीज बाईचं आहे."

ती इतकी हसली की तिला होडीचा काठ धरावा लागला. "दाएंग लाल्लो, मागच्या खेपेला तुमचा खेकडा अजान देत होता, ना?"

तो खेकडा खरंच देत होता, पण ती गोष्ट वेगळी.

हजला निघायचे दिवस जवळ आले तसं एका सकाळी मशीनवर आकड्यांशेजारी एक छोटं थरथरतं हृदय उमटलं. पुन्हा फोन.

"दाएंग, ठोके अनियमित दाखवतंय. हात हलवला का?"

"नाही."

"उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. हस्नियार म्हणाली, "हे साधं नाही. ताबडतोब मकास्सरला या."

फोन ठेवल्यावर दोघं एकमेकांकडे बघत बसली. शेवटी सितुजू हळूच म्हणाला, जणू मशीन ऐकत होतं, "ओळखलं यानं."

"काय ओळखलं?"

"हा दंड माझा नाही ते. बघ, माझ्या फोनला तुझा अंगठा चालतो? नाही चालत. व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे घेतले त्यांनी, तेही फोनवरच. बोट ओळखू येतं, तर दंड का नाही येणार?"

कानांगनं छातीवर हात ठेवला. "तरीच. हल्ली पट्टा बांधला की इथे पाखरू फडफडल्यासारखं होतं. मला आधीच वाटत होतं, हे माझ्याकडे संशयानं बघतंय."

हसू नका. मीही भिंतीच्या अलीकडे बसून मान डोलावली होती. ज्या मशीनला समुद्र ओलांडून चुगली करता येते, त्याला परका दंड कळणं आम्हाला अवघड वाटलं नाही.

मकास्सरला जायच्या आधी वाऱ्याचं निमित्त सांगून सितुजूनं आठवडाभर इमानानं गोळ्या घेतल्या आणि होडीचं तोंडही पाहिलं नाही. डॉक्टरांनी छातीला वायरी लावून आलेख काढला. काळीज ढोलकीसारखं ठेक्यात. बीपी थोडं चढलेलं, पण दवाखाना बघून कुणाचंही चढतं. डॉक्टर म्हणाले, मशीनच बिघडलं असेल. हस्नियारनं नवं मशीन दिलं. परतताना सितुजू होडीत गात होता.

नव्या मशीननंही कानांगला ओळखलं.

मग तिनं युक्ती काढली. दुसऱ्या सकाळी तिनं नवऱ्याचा शर्ट घातला. त्याचं खोबरेल दंडाला चोळलं. तेवढ्यानंही भागलं नाही तेव्हा त्याची लवंगेची सिगारेट पेटवून एक झुरका मारला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकली.

"आता तर मी तुम्हीच झाले," ती म्हणाली. "व्यापाऱ्याला दोन शिव्या पण देऊ का?"

दोघं खूप हसली. मीही इकडे तोंडावर उशी दाबून हसलो. मशीनवरचं हृदय थरथरतच होतं. हस्नियारचं रोजचं एकच, "दाएंग, हात स्थिर ठेवा. श्वास सोडा." आणि कानांग डोळे मिटून, नवऱ्याच्या शर्टात, माळ ओढत काळजाला समजावत बसायची.

शेवाळाच्या दोरीला रोपं बांधण्यात तिच्याइतका चपळ हात आमच्या बेटावर नव्हता. त्या दिवसांत तिच्या गाठी सुटायला लागल्या. ओट्यावरून पाण्याची घागर आत न्यायची तर मध्ये दोनदा टेकायची. एकदा सितुजूनं विचारलं, "कानांग, तुला बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय?"

"राहू दे ते मशीन. उद्यापासून माझा लावतो."

"आणि सही? एवढी वर्षं रांगेत कोण उभं होतं, तुम्ही एकटेच?" ती चिडून म्हणाली. "पकडले जायची भीती बसलीय मनात, म्हणून धडधडतंय. तुम्ही विमानात बसलात की थांबेल."

त्यानं पुढे विचारलं नाही. त्याला जायचं होतं, फार जायचं होतं. हे मी त्याला दोष द्यायला सांगत नाही. माड शेळीएवढा असल्यापासून त्याला जायचं होतं.

ती सकाळ वाऱ्याची होती. पट्टा दंडाला आवळत असतानाच कानांगच्या हातातली माळ गळून पडली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ती कुशीवर कलंडली. सितुजूनं मला हाक मारली तशी हाक मी आयुष्यात ऐकलेली नाही, आणि या एका वाक्यात मी काही वाढवलेलं नाही. होडी मी चालवली. तो तिचं डोकं मांडीवर धरून बसला होता. पट्टा तसाच तिच्या दंडाला होता.

दवाखान्यात तिची उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे मात्र लख्ख होते. हस्नियार धावत आली. कानांगच्या अंगातला पुरुषी शर्ट बघून ती क्षणभर थबकली. डॉक्टर सितुजूला विचारत होते, "यांना छातीत धडधड होती का? कधीपासून? आधी कधी काही तपासलं होतं?"

सितुजूनं तोंड उघडलं. तेवढ्यात कानांगचा डावा हात उठला, हवेत चाचपडत आला आणि त्याच्या ओठांवर बसला. घट्ट. त्या हातात किती जोर होता ते मी पाहिलं. तिला काय म्हणायचं होतं ते खोलीतल्या दोघांना कळलं, त्याला आणि मला.

त्यानं तो हात दोन्ही हातांनी बाजूला काढला.

"हस्नियार," तो म्हणाला, "तुझ्याकडे माझे म्हणून आकडे आहेत ना? ते हिचे आहेत. पहिला दिवस सोडला तर सगळे हिचे."

हस्नियारनं फोन काढला. डॉक्टर आकडे वरखाली करत राहिले. "सगळं आहे इथे," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "ठोके चुकायला लागले तो दिवससुद्धा. अशानं काळजात गाठ धरते आणि मेंदूत जाऊन बसते. तेव्हाच रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली असती तर..." मग त्यांनी सितुजूकडे बघून फोन परत दिला. हस्नियार बाहेर गेली. जाताना माझ्याजवळ थांबली. "तुम्ही सांगितलं होतं," एवढंच म्हणाली.

कानांगनं मान भिंतीकडे वळवली. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. सितुजू खाटेच्या या बाजूला बसून तिला हाका मारत होता, तिचा पाय चोळत होता. त्या बाजूला जायला जागा नव्हती, खाट भिंतीला चिकटलेली. तिसऱ्या दिवशी ती गेली. मान तशीच होती.

दफन झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो होतो. तो म्हणाला, "लाल्लो, रागावून गेली रे. तिनं इतकं केलं आणि मी एका वाक्यात सगळं घालवलं. शेवटपर्यंत तोंड दाखवलं नाही तिनं."

जन्मभर मी थापा मारत आलोय. त्या दिवशी एक चांगली थाप सापडावी म्हणून मी मनातल्या मनात किती धावपळ केली. मग म्हणालो, "राग कसला? ती भिंत पश्चिमेची, काब्याच्या दिशेची. जाणारं माणूस तिकडेच तोंड करतं."

सितुजूनं समुद्राकडे पाहिलं. ढगाळ आभाळातही ज्याला होडीची दिशा कधी चुकली नाही असा तो माणूस.

"ती भिंत पूर्वेची होती," तो म्हणाला. "मी बघितलं होतं."

यंदाचे हजयात्री निघाले त्या दिवशी धक्क्यावर ढोल वाजत होते, होड्यांना रंगीत कापडं बांधली होती. सितुजूच्या कागदावर सही झाली नव्हती, तो घरातच होता. ढोल दूर गेल्यावर पलीकडून मशीनची घरघर ऐकू आली. मी फटीतून पाहिलं. तो पट्टा बांधून बसला होता. घरघर थांबली, आणि लगेच फोन वाजला.

"दाएंग..." हस्नियारचा आवाज घाबरा होता. "हे केवढे आकडे आहेत! हे कुणाचे?"

"माझे."

"नक्की?"

"अगं पोरी," सितुजू म्हणाला, "आता दुसरा दंड आहे कुठे घरात?"

हस्नियारनं फोन ठेवला नाही. त्यानंही ठेवला नाही, पट्टाही सोडला नाही. मांजर येऊन त्याच्याजवळ बसलं.