रांजणावरचा आळ

मी रांजण बोलतोय. पुसदच्या एका कारखान्यात शाळेचे गणवेश शिवतात. तिथे मी दोन वर्षं पाणी पाजलं आणि तिथेच माझ्यावर आळ आला.

माझी माती पूस नदीकाठची. कुंभारणीने आतून गोटा धरून बाहेरून मला थापटलं, आव्यात भाजलं, बोटाने वाजवून पाहिलं आणि बाजारात आणून ठेवलं. तिथून कारखान्याच्या टेम्पोत बसून मी इथे आलो.

एका बाजूला बत्तीस बाया शिलाई मशीनवर, दुसऱ्या बाजूला कटिंग आणि इस्त्रीचे नऊ पुरुष. मधल्या खांबापाशी तिवईवर मी. उकंडाकाका रोज सकाळी मला घासून भरायचे. माझ्या सगळ्यात जवळ नलू बसायची. दिवसभर शर्टांना कॉलर लावायची, आणि उठली की आधी माझ्याकडे यायची.

मागच्या दिवाळीनंतर बाबुलाल नावाचा नवा सुपरवायझर आला. त्याला सगळ्यांचाच संशय. बाया बाहेर जातात त्या मोबाईलवर बोलायला, पुरुष बसतात ते काम टाळायला, असं त्याचं मत. त्याने पुरुषांचे स्टूल उचलून नेले. बायांसाठी दाराशी खिळ्यावर एक लाकडी बिल्ला टांगला. संडासला जायचं तर तो बिल्ला घेऊन जायचं, तेही दिवसातून दोनदाच. बत्तीस जणींत बिल्ला एक. पुरुषांना बिल्ला नव्हता, ते कुंपणाकडे जाऊन यायचे.

त्याच आठवड्यापासून माझं पाणी उरू लागलं. आधी दुपारीच तळ दिसायचा, आता संध्याकाळी मी अर्धा भरलेला. थंडीचे दिवस आहेत, म्हणून असेल, असं मी मनाला सांगितलं.

मग पुष्पाला ताप आला. लघवीला जळजळ होते, असं ती शेजारणीच्या कानात बोलली. पंधरा दिवसांनी बिजलीबाईला तेच झालं. त्यानंतर नलूला.

"तिघींले एकच दुखणं कसं होते?" बिजलीबाई जेवणाच्या सुट्टीत म्हणाली. "पाण्यातच काही तरी आहे."

सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून उकंडाकाकांकडे गेल्या.

"काका, रांजण धुता ना?" बिजलीबाईने विचारलं.

"रोज धुतो बाई. तुमच्या समोरच तं धुतो."

दुसऱ्या दिवसापासून काका मला दोनदा घासू लागले. तरी कोणीतरी माझ्या बुडाशी आलेल्या शेवाळाचा फोटो काढला. बाया घरून बाटल्या आणू लागल्या. काकांशी बोलणं कमी झालं. मलाही स्वतःचा संशय येऊ लागला. भाजताना कुठे काही कच्चं राहिलं का? आत काही मेलं का?

पण एक गोष्ट मला खटकत होती. इस्त्रीवाला शाम दिवसभर माझंच पाणी प्यायचा. उभं राहून त्याच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या, पण जळजळ नव्हती. आणि बायांच्या बाटल्या संध्याकाळी भरलेल्याच पिशवीत जायच्या.

नलू सरकारी दवाखान्यात जाऊन आली. दुसऱ्या दिवशी जेवताना तिने सांगितलं, "डॉक्टरबाईनं इचारलं, दिवसातून किती खेपा जाता? मी म्हटलं, सकाळी घरून निघताना, अन् मंग घरी गेल्यावर. तं म्हणे, पाणी पेता का? मी म्हटलं, नाही पेत. पेलं तं जा लागते. अन् बिल्ला कधी हाती लागतच नाही. तं म्हणे, पाणी न पेता लघवी दाबून ठेवली का असंच जळजळते."

बिजलीबाईने आपली बाटली काढून पुढे ठेवली. भरलेली. पुष्पाने ठेवली. मग बाकीच्यांनी. बहुतेक साऱ्या बाटल्या काठोकाठ.

"मी तं याचंच पाणी पेतो," शाम मागून म्हणाला. "मले पायाशिवाय काही दुखत नाही."

सुट्टी संपून मशीन सुरू झाल्या, तशी नलू उठून बाबुलालपुढे उभी राहिली. "साहेब, तो बिल्ला काढा."

"कायले? उद्या साऱ्या जणी बाहेरच दिसतीन."

"दिसू द्या. तुमी किती खेपा जाता, आमी कधी मोजलं का?"

"पाण्याचा प्रॉब्लेम आहे तुमचा. मी मालकाले सांगतो."

नलू वळली. सगळ्यांसमोर तिने ओगराळ्याने पेला भरला, सावकाश प्यायली, आणि बिल्ल्याला हात न लावता बाहेर गेली. तिच्यामागे तशाच पाणी पिऊन बिजलीबाई, मग पुष्पा, मग बाकीच्या. मशीन बंद होत गेल्या. शामने कापडाचा गठ्ठा ओढला आणि त्यावर बसला. माझा तळ कित्येक दिवसांनी उघडा पडला. परत येताना बिजलीबाई उकंडाकाकांपाशी थांबली. "काका, चुकलं माझं," एवढंच म्हणाली.

चार दिवसांनी खिळ्यावरचा बिल्ला नाहीसा झाला. नऊ पुरुषांसाठी तीन स्टूल परत आले. आणि फळ्यावर सूचना लागली : 'पिण्याचे पाणी दूषित आढळल्याने रांजण हटवण्यात येत आहे.' बिल्ल्याच्या नियमाबद्दल एक अक्षर नव्हतं. माझं पाणी तर कोणी तपासायलाही नेलं नव्हतं.

आता तिथे स्टीलचा कूलर आहे आणि मी मागे, संडासाच्या भिंतीलगत, हात धुण्यापुरता. बाया मोकळ्या हाताने येतात. नलू बरी आहे. पण संडासकडे जाताना ती अजूनही एकदा कारखान्याच्या खिडकीकडे बघते, कारण बाबुलाल हल्ली तिथेच उभा असतो, घड्याळ बघत.

तुमच्या कामाच्या जागी बाया आजारी पडल्या, तर पाण्यावर जरूर संशय घ्या. ते तपासूनही आणा. पण आधी त्यांना एवढं विचारा, त्या पाणी पितात का? आणि पीत नसतील, तर काहून?