गाण्यानंतरचा एक सेकंद

तंत्रज्ञ म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. त्या चिमुकल्या रेडिओ केंद्रावर तबकड्या गेल्या, टेपा आल्या, सीडी आल्या. हा आपला जागच्या जागी. बायको तिथलीच निवेदिका. काचेच्या अलीकडे तो, पलीकडे ती. घरी राज्य तिचं, इथे मात्र याचं.

तिला एक खोड होती. गाणं पुरतं संपायच्या आत बोलायला लागायची. हा पठ्ठ्या स्वतःच्या बायकोची चूक तक्रारवहीत लाल शाईनं लिहायचा. "गाणं संपलं की एक सेकंद थांबत जा. तुझं बोलणं काय पळून जातंय?" सतरा नोंदी झाल्या, मग ती सुधारली ती कायमची.

पुढे कॉम्प्युटर आला. हुकूम निघाला, जुन्या कार्यक्रमांच्या टेपा कॉम्प्युटरवर चढवा; गाणी ठेवा, बोलणं कापा. यानं वर्षभर खपून कापलं. ती शेजारी बसून हसायची. "कापा खुशाल. घरी आहेच की मी बडबडायला." टेपा भंगारात गेल्या.

मग घशाच्या दुखण्यानं आधी तिचा आवाज नेला आणि तीन वर्षांनी तिलाच नेलं. लेकीच्या फोनमध्ये आईचे फोटो ढीगभर, पण आवाज नाही. "बाबा, रेडिओवर आयुष्य गेलं तिचं. कुठेतरी असेलच ना?"

आज नवे साहेब म्हणाले, "उद्यापासून फक्त नवी गाणी, एकाला एक चिकटवून. जुनी संध्याकाळपर्यंत पुसून टाका."

तो तक्रारवही घेऊन बसला. त्या सतरा गाण्यांवर तरी ती बोललेली असणार. लावून पाहिली तर सगळी कोरी करकरीत. मग आठवलं, खराब म्हणून ती सतराही यानंच बाद केली होती आणि सीडीवरून नव्यानं चढवली होती. कामात चोख ना! आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतला होता.

उरली ती, तिनं न चुकता सादर केलेली गाणी. तो एकेकाचा शेवट ऐकू लागला. प्रत्येक ठिकाणी तिच्या पहिल्या शब्दाच्या अलीकडेच कापलेलं. चिडून त्यानं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

गाणं संपलं. त्यानंतरच्या त्या एका सेकंदात कुणीतरी श्वास घेतला.

दुसरं लावलं. तिथेही होता. तिसऱ्यातही. त्यानं सांगितलं होतं म्हणून ती थांबली होती, बोलायला श्वास घेऊन, प्रत्येक गाण्यानंतर, इतकी वर्षं.

त्यानं ते सगळे शेवट एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. लेकीचा फोन आला. "सापडला का आवाज?"

"आवाज नाही गं," तो म्हणाला. पेनड्राइव्ह त्यानं वरच्या खिशात ठेवला.

पुसायच्या आधी त्यानं एक गाणं पुन्हा लावलं. काचेपलीकडच्या खुर्चीवर कुणाची तरी पिशवी ठेवलेली होती. गाणं संपलं, श्वास आला. त्यानं निवेदिकेशी बोलायचं बटण दाबलं.

"बोल," तो म्हणाला. "नाही लिहीत मी वहीत. बोल ना."