निळ्या खोळी

शाळेच्या हॉकी संघातल्या, गोलकीपर सोडून, दहाही मुलींच्या नडगीवरच्या पॅडना सारिकानं एकच निळं कापड लावलं होतं, आणि ते मुद्दाम लावलं होतं.

नऊ जोड्यांच्या आत नुसता फोम होता. तिचा नवरा सुहास कंपनीत पॅकिंगला. पार्ट ज्यात गुंडाळून येतात तो पांढरा फोम उरला की तो साहेबांना विचारून घरी आणायचा. सारिका तो दुहेरी कापून खोळ शिवायची, मागं इलॅस्टिक लावायची. त्याआधी परंदवडीच्या पोरी मोज्यात पुठ्ठा खुपसून खेळत. दहावी जोडी कोमलची, तिच्या लेकीची. तिच्या आत मात्र पुण्याहून आणलेलं कडक प्लास्टिकचं कवच होतं. फोमला एका बाजूनं बोट दाबलं की पलीकडच्या बोटाला लागतं, हे कळायला बी.एस्सी. व्हावं लागत नाही. सारिकाला ते पहिली जोडी शिवतानाच कळलं होतं. पण कोमलचे पॅड वेगळे दिसले असते तर बायका बोलल्या असत्या. आणि बाकीच्यांना कुठलं परवडणार, उगाच त्यांना ओशाळं कशाला करा, असं तिनं स्वतःला समजावलं.

तशी ती काळजीखोर म्हणून गावाला माहीतच होती. सरावाआधी मैदानातले खडे वेचायची, बर्फाची बाटली घेऊन कडेला उभी राहायची. "कोमलच्या आई, मैदान निवडून झालं असंल तर पोरींना खेळू द्या की," असं बजरंग सर म्हणायचे आणि पोरी खिदळायच्या. पॅड आले तेव्हा मात्र सर खूश झाले. जोरात चेंडू आला की पाय उचलून घेणाऱ्या स्नेहलला ते ओरडले, "आता पॅड हायत ना? पाय उचलायचा न्हाई! भिंत व्हायचं भिंत!"

सारिकानं कडेला उभं राहून ते ऐकलं. सरांना हाक मारायला तिनं तोंड उघडलंही. मग वाटलं, पुन्हा हसतील.

लोणावळ्याच्या सामन्यात पेनल्टी कॉर्नर मिळाला समोरच्या संघाला. अशा वेळी पाच जणी गोलरेषेवरून बचाव करतात. सगळ्यांत आधी जी धावते, ती थेट फटक्याच्या तोंडी जाते. स्नेहल धावली. चेंडू नडगीवर येताना तिला दिसला होता, हे सारिकानं पाहिलं. स्नेहलनं पाय उचलला नाही.

मैदानाच्या कडेपर्यंत आवाज आला. स्नेहलनं नवल वाटल्यासारखं पायाकडे पाहिलं आणि त्याच पायावर उठायचा प्रयत्न केला.

दवाखान्यात मोजा कापून काढला. निळ्या खोळीचा दोरासुद्धा उसवला नव्हता. आतली दोन्ही हाडं तुटली होती. प्लेट बसवली. डॉक्टर म्हणाले, "वाढीचं वय आहे, आणि हाड जिथून वाढतं त्याच्या अगदी जवळ तुटलंय. पाय आखूड राहील का, ते वर्ष-दोन वर्षांनीच कळेल."

स्नेहलची आई रुपाली गुलाबाच्या पॉलीहाऊसवरून तशीच आली होती, बोटांना काट्यांचे ओरखडे. तिनं सारिकाचा हात धरला. "ताई, तुमचं प्याड व्हतं म्हणून एवढ्यावर भागलं. न्हाईतर पोरीचा पायच गेला असता."

"हो," सारिका म्हणाली.

त्या दिवसापासून तिला घास गोड लागेना. बाकीच्या आठ जणी त्याच पॅडवर रोज सरावाला जात होत्या. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत तीन आठवडे गेले. मग एका संध्याकाळी रुपालीच दारात आली. हातात स्नेहलचे पॅड, धुऊन वाळवलेले.

"धाकटी बी जाती म्हणती खेळाया. लय हट्टी हाय. ह्येच जरा बारीक करून द्या, ताई."

सारिकानं ते घेतले नाहीत. "नको. हे घालू नका तिला."

"का वो?"

"आत नुसता फोम आहे. चेंडू अडत नाही त्यानं. पुठ्ठ्याइतकाही नाही."

रुपालीनं अंगठ्यानं खोळ दाबून पाहिली. बराच वेळ दाबत राहिली. "आन् कोमलच्यात?"

तसाच फोम म्हणता आलं असतं. आत कोमल अभ्यास करत होती, तिचं पान उलटायचं थांबलं. सारिका आत गेली आणि तिचे पॅड आणून रुपालीच्या हातात दिले. रुपालीनं ते उंबऱ्यावर आपटून बघितले आणि तिथंच ठेवले.

"कुटं मिळतं ह्ये?"

"पुण्यात."

"पुण्यात." रुपाली खाली बसली. "पोरींचं वडील दर शनिवारी फुलांची गाडी घेऊन पुण्यालाच जात्यात. सांगितलं असतं तर आणलं नसतं व्हय आमी?"

"मला वाटलं, तुम्हाला..."

"काय वाटलं?"

रुपालीचा आवाज चढला असता तरी सारिकाला बरं वाटलं असतं.

"माझी पोर आधी पाय उचलायची," रुपाली म्हणाली. "भित्री म्हणून सर रागवायचं. भित्रीच बरी व्हती." मग ती उठली. "बाकीच्यांस्नी सांगितलंय?"

"नाही."

"मग चला. उद्या सकाळी सराव हाय."

"मी सांगते. रात्री सगळ्यांना फोन करून..."

"न्हाई. माझ्याम्होरं सांगायचं. परत्येक घरी."

चपला घालताना सारिकाला मागून कोमलची हाक आली, "आई, मी येऊ का?" तिनं मानेनंच नको म्हटलं. कोमल उंबऱ्याशी उभी राहिली. तिनं ते पॅड उचलले नाहीत, त्यांना ओलांडलंही नाही.

दोघी गल्लीनं निघाल्या, रुपाली दोन पावलं पुढं. पहिल्याच घरी अंगणात संघातली सगळ्यांत लहान मुलगी भिंतीवर चेंडू मारत होती. तिची आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि हसली.

"या या, ताई! आत्ता तुमचंच नाव काढलं व्हतं. बसा, च्या टाकते."

"चहा नको," सारिका म्हणाली, आणि उभ्याउभ्याच सांगायला लागली.