शिंकेची रेघ

व्याह्यांकडच्या मंडळींना भेटायला निघताना नागिसाने बापाला दारातच अडवलं.

"बाबा, आज 'कापणं' म्हणायचं नाही. 'फुटणं' नाही, 'तुटणं' नाही, 'निसटणं' नाही. शुहेइच्या आईला शुभकार्यात असले शब्द चालत नाहीत."

"जन्मभर काचेवर नक्षी कापतोय मी," कुनियो म्हणाला. "धंदा विचारला तर काय सांगू? न्हावी आहे?"

"न्हावीपण कापतातच. गप्प बसा आणि मासा खा."

तिचं म्हणणं रास्त होतं. मागचं ठरत आलेलं लग्न कुनियोच्या जिभेनेच मोडलं होतं. होणाऱ्या व्याह्यांची लाडकी फुलदाणी हातची नक्षी नसून साच्यातून काढलेली आहे, हे त्याने चहा येण्याआधीच सांगून टाकलं होतं. शुहेइ नागिसाला मनापासून आवडला होता. हेही मोडलं तर ती बापाशी बोलणार नव्हती, आणि घरात दुसरं बोलणारं कुणी नव्हतं.

कामेइदो भागातल्या भोजनगृहात कुनियो गप्प बसला. मासा खाल्ला. मग शुहेइच्या आईने, तोमिएने, रेशमी रुमालातून एक लाकडी पेटी काढली आणि पेटीतून साके, म्हणजे तांदळाची दारू, प्यायचा निळा काचेचा पेला.

"आमच्या ह्यांनी घेतलेला. कुणा मोठ्या उस्तादाचा आहे म्हणे. तुमच्यासारख्या जाणत्याने बघावा."

हातात पेला आला की तो उपडा करून नक्षीवर नख फिरवायचं, ही कुनियोची सवय. निळ्या शेवंतीच्या पाकळ्यांवरून फिरत नख एका जागी अडलं. एक रेघ फुलाची हद्द ओलांडून थेट काठाकडे पळाली होती.

ही रेघ त्याने आंधळा झाला असता तरी ओळखली असती. तेव्हा तो शिकाऊ होता. शेजारच्या नूडलवाल्याने मिरच्या कुटायला घेतल्या, कुनियोला शिंक आली आणि पेला नक्षी कापायच्या फिरत्या चाकावर सरकला. उस्तादाने त्याला टपली मारली आणि पेला दाराजवळच्या स्वस्त मालाच्या टोपलीत टाकला.

"ती रेघ दिसली ना?" तोमिए पुढे सरकली. "बाकी सगळं आखीवरेखीव आणि ही एकटीच मोकळी धावलेली. हे म्हणायचे, उस्तादाची सही आहे ती. रोज संध्याकाळी पिताना तिच्यावर अंगठा फिरवायचे."

कुनियोने तोंड उघडलं. नागिसाचं कोपर बरगडीत बसलं. 'हात निसटला आणि रेघ जास्त कापली गेली' यातला कामाचा प्रत्येक शब्द बंदीतला होता.

"ही रेघ..."

"हं?"

"...लांब गेलीय."

"अगदी नेमकं बोललात!" तोमिएचे डोळे पाणावले. "असा तुम्हाला जमेल?"

"नाही हो, विहीणबाई. असा आता नाही जमायचा."

"शुहेइ, ऐकलंस? याला म्हणतात विनय! पण व्याहीबुवा, मी ऐकणार नाही. लग्नात पोरांना अश्शीच जोडी हवी. रेघेसकट."

"आई, लग्नात काच देत नाहीत ना?" शुहेइने विचारलं.

"हा पेला तुझ्या हातून कितीदा पडलाय, माहितेय? याला काही होत नाही."

घरी येताना कुनियोने नागिसाला शिंकेची गोष्ट सांगितली आणि दुसऱ्या दिवशी तो चाकापुढे बसला. मुद्दाम चुकायचं, त्यात काय एवढं? पाकळीच्या टोकाशी रेघ आली आणि हात थांबला. पुन्हा केलं, पुन्हा थांबला. डोळे मिटून पाहिलं, तेव्हा तर आणखीच सुबक आली. मग त्याने तिखट हुंगलं. शिंका भरपूर आल्या, पण प्रत्येक शिंकेआधी हात आपणहून पेला चाकावरून उचलून घेई.

लग्न तोंडावर आलं तेव्हा नागिसा कारखान्यात डोकावली. फळीवर निळ्या पेल्यांची रांग लागली होती.

"बाबा, जमलं?"

"नाही गं," कुनियो रडकुंडीला येऊन म्हणाला. "सगळे बरोबर येतायत."

नागिसाने एकेक पेला उजेडात धरून पाहिला. मग तिखटाची डबी उचलून ती बापाच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

"तुम्ही चाक सुरू करा. कधी फुंकायचं ते माझं मी बघते."