दादांची तालीम

ऑगस्ट लागला की उपेंद्रच्या रविवारच्या सकाळी नागपूरला जायच्या. तो स्वतः डब्लिनजवळच्या स्वोर्ड्समधल्या घरीच असायचा, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी लॅपटॉप उघडून. पण तिकडे त्याच्या कॉलेजच्या नाट्यमंडळाची मुलं स्पर्धेच्या एकांकिकेची तालीम करत असायची, आणि ती तालीम तो इथून पाहायचा, मध्येच थांबवायचा, सुधारायचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी त्यानं बसवलेल्या एकांकिकेला करंडक मिळाला होता. त्यानंतर तो कधी रंगमंचावर चढला नाही. नोकरी लागली, पुण्यात काही वर्षं गेली, मग डब्लिन. सँट्रीच्या एका ऑफिसात तो बँकांच्या सॉफ्टवेअरचं काम बघतो. मंडळाशी असलेला संबंध मात्र त्यानं सुटू दिला नव्हता. दर वर्षी नवी मुलं यायची आणि त्याला उपेंद्रदादा म्हणायची.

त्याची बायको वृंदा ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये आहे. रविवारी घरी असली की ती त्याच्या शेजारी चहाचा कप ठेवून आपल्या कामाला लागायची. एकदा तिनं सहज विचारलं होतं, "तू सांगतोस ते करतात का रे ती मुलं?"

"करतात म्हणजे काय! तिथल्या तिथे करून दाखवतात," उपेंद्र म्हणाला होता.

यंदा सप्टेंबरात पियूष डब्लिनला आला. तीन वर्षांपूर्वी तो याच मंडळात होता. आता त्याला इथे नोकरी लागली होती, आणि सँट्रीत तिघांबरोबर तो एका फ्लॅटमध्ये राहत होता. उपेंद्रनं त्याला शनिवारी जेवायला बोलावलं. वृंदानं पाटवडीचा रस्सा केला. पियूषनं पहिला घास घेतला. मग म्हणाला, "वहिनी, घरून निघाल्यापासून हे पहिलं जेवण."

जेवता जेवता मंडळाच्या गप्पा निघाल्या. उपेंद्रची मुलगी स्वानंदी तेरा वर्षांची. मराठी तिला सगळी कळते, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. तिनं पियूषला इंग्रजीत विचारलं की बाबा सांगतो ते सगळं तुम्हाला खरंच करावं लागायचं का.

पियूष हसला. "अगं, दादांची तालीम वेगळी असायची ना!"

"वेगळी म्हणजे?" उपेंद्रनं विचारलं.

दादांना हे ठाऊकच असणार, असं पियूषला वाटलं होतं. "म्हणजे रविवारची. सीनियर लोकांसाठी आम्ही वेगळी बसवायचो. तुम्ही जे म्हणाल ते लगेच करून दाखवायचं. खरी तालीम सोमवारपासून..." बोलता बोलता त्याला समोरचे चेहरे दिसले आणि त्याचा हात ताटातच थांबला. "सॉरी दादा. मला वाटलं, तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल."

"कधीपासून चाललंय हे?"

"मी फर्स्ट इयरला आलो तेव्हा होतंच. आम्हाला आमच्या सीनियर्सनी शिकवलं. आम्ही पुढच्यांना शिकवलं."

"आणि त्याला नावच आहे? दादांची तालीम?"

पियूषनं मान हलवली. स्वानंदी म्हणाली, "बाबा, दॅट्स क्लास!" म्हणजे इथल्या मुलांच्या बोलीत, भारीच. वृंदानं तिच्याकडे एक कटाक्ष टाकला आणि पियूषच्या वाटीत आणखी रस्सा वाढला.

उपेंद्र चिडला नाही. ऑफिसात एखादी चूक सापडल्यावर तो विचारतो तसे शांतपणे प्रश्न विचारत राहिला. "तुझ्या वर्षी मी काय सांगितलं होतं?"

"शेवटचा पॉज काढा म्हणाला होतात."

"मग?"

"रविवारी काढला."

"आणि स्पर्धेत?"

"ठेवला." पियूष ताटाकडे बघत म्हणाला. "दुसरे आलो होतो आम्ही."

"हो. मी अभिनंदनाचा मेसेज टाकला होता."

पियूष गेल्यावर भांडी आवरताना वृंदानं विचारलं, "उद्या बसणारेस?"

"बसणार."

"राग आलाय का?"

त्यानं जरा विचार केला. "आला असता तर बरं झालं असतं. अजून काही कळत नाहीये."

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा बसला. यंदाचं नाटक केतकी नावाची मुलगी दिग्दर्शित करत होती. आई गेल्यावर तिचं घर रिकामं करायला आलेले भाऊ आणि बहीण, एवढीच गोष्ट. बहिणीचं काम करणारी स्वप्नाली पहिल्या तालमीत प्रेक्षकांकडे पाठ करून खुर्चीवर बसली होती. उपेंद्रनं तिला लगेच उठवलं होतं. चेहरा दिसला पाहिजे, रडू दिसलं पाहिजे. ते कसं, हे त्यानं स्वतः लॅपटॉपसमोर करूनही दाखवलं होतं.

आज स्वप्नाली समोर तोंड करून रडली. तिनं कपाळावर आडवा हात धरला, अगदी तो धरतो तसा. त्यानं मध्येच एक सूचना केली तेव्हा तिघांच्या तोंडून एकदम "हो दादा" आलं, आणि त्यातही एक जण अर्धा क्षण मागे राहिला होता, म्हणजे ते पाठ केल्यासारखं वाटू नये. हे सगळं किती नीट बसवलंय, ते त्याला आज पहिल्यांदा दिसलं. त्याला हसू येत होतं.

शेवटचा ब्लॅकआउट झाला. तो म्हणाला, "छान. आता खरी दाखवा."

"खरी म्हणजे, दादा?" केतकीनं विचारलं.

"सोमवारची."

तिकडून कोणीतरी माइक बंद केला. पडद्यावर सगळी मुलं एका कोपऱ्यात जमली, हातवारे सुरू झाले. त्याच्या घरावरून एक विमान खाली उतरत गेलं. मग केतकी कॅमेऱ्यासमोर आली. "पियूषदादानं सांगितलं का?"

"त्याच्या तोंडून निघून गेलं. त्याला कोणी काही बोलू नका."

"दादा, तुमची टिंगल करायला नव्हतं हो ते. तुम्ही एवढ्या लांबून वेळ काढता. तुम्हाला नाही कसं म्हणायचं?"

"म्हणून नाटक केलंत?"

"आम्हाला तेवढंच येतं ना," केतकी म्हणाली. उपेंद्र मोठ्यानं हसला, तेव्हा कुठे मागची मुलं हलली.

त्यांनी खरी तालीम केली. त्यात भाऊ आईचे डबे एकेक करून खोक्यात भरत होता आणि स्वप्नाली जवळजवळ सगळा वेळ पाठ करून बसून होती. बोलणं फार थोडं. कधी कधी तर कोणी काहीच करत नव्हतं. उपेंद्रला ते लांबलेलं वाटलं, थोडं कोरडंही. तीन-चार ठिकाणी त्याच्या ओठांवर 'थांबा' आलं, पण तो बोलला नाही.

"सांगा ना दादा," शेवटी केतकी म्हणाली. या वेळी तिला खरंच ऐकायचं होतं, असं त्याला वाटलं. की हेही बसवलेलं होतं? त्यानं तो विचार सोडून दिला.

"स्वप्नालीचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतोय का, ते हॉलमध्ये बघून घ्या. बाकी काही नाही."

पुढचे रविवार तो बसला नाही. त्यांनी लिंक पाठवली होती, त्यावर त्यानं शुभेच्छा कळवल्या. एका रविवारी त्यानं स्वयंपाकघरातल्या प्रेसचं, म्हणजे कपाटाचं, सुटलेलं दार बसवलं. एकदा तो स्वानंदीबरोबर मॅलाहाइडच्या किनाऱ्यावर चालून आला. ती वाटेत तिच्या शाळेतल्या कॅमोगीच्या, म्हणजे काठी-चेंडूच्या आयरिश खेळाच्या, मॅचबद्दल सांगत होती. तिच्या टीममधल्या एकीचंही नाव आपल्याला माहीत नाही, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. परत येईपर्यंत त्यानं चार नावं शिकून घेतली.

प्राथमिक फेरी झाल्यावर केतकीचा फोन आला. तो दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत सामान ठेवत होता.

"फायनलला नाही गेलो आपण, दादा."

"परीक्षक काय म्हणाले?"

"म्हणाले, मुलीचा चेहराच दिसत नाही. नाटक तिथेच पडतं."

हे शब्द त्याचेच असू शकले असते. आपल्याला बरं वाटतंय का, हे त्यानं मनात चाचपून पाहिलं. फारसं काही हाताला लागलं नाही.

"एक विचारू?" केतकी म्हणाली. "खरंखरं सांगाल? तुम्हाला आवडलं होतं?"

"नाही," उपेंद्र म्हणाला. तो गाडीत बसला, दार लावून घेतलं. "पण ती खुर्चीवरची मुलगी डोक्यातून जात नाहीये. भाऊ शेवटचा डबा उचलतो तेव्हा तिची मान जराशी वळते. तू सांगितलं होतंस?"

"नाही. ती आपोआप वळायची. स्वप्नालीला तर माहीतही नव्हतं. मी मुद्दाम सांगितलं नाही, नाहीतर ती करायला लागली असती."

"बरं केलंस," तो म्हणाला. त्याच्या वेळी त्यानं नक्की सांगून टाकलं असतं.

मग केतकीला एकदम खूप बोलायचं होतं. नेपथ्याचा टेम्पो चुकून दुसऱ्याच हॉलवर गेला होता. खुर्ची आलीच नाही. शेवटी कँटीनवाल्याची उचलून आणली, तिचा एक पाय आखूड. स्वप्नालीनं आख्खा प्रयोग तोल सांभाळत काढला, आणि परीक्षकांना वाटलं, ती आतून थरथरतेय.

उपेंद्रनं गाडी सुरू केली नाही. काचेवर पाऊस भुरभुरत होता.

"मग?" त्यानं विचारलं.