खाजकुयलीचं दूध

जोतीराम पलटणीतून घरी आला त्याला दीड वर्ष झालं, पण विजयमालानं नवऱ्याला धड झोपलेलं एकदाही पाहिलं नव्हतं. गडी अंगानं धडधाकट. दिवसभर उसात राबायचा आणि जेवण झालं की सोप्यातल्या खांबाला पाठ लावून बसायचा, तो उजाडेपर्यंत. एकाहत्तरच्या लढाईत पहाऱ्यावर असताना त्याचा डोळा लागला होता. घटकाभरच. तेवढ्यात शेजारच्या खंदकातला मानसिंग गेला. हे त्यानं बायकोला एकदा सांगितलं आणि पुन्हा त्यावर कधी बोलला नाही.

साताऱ्याच्या एका डॉक्टरानं गोळ्या दिल्या. त्या घेऊन तो दिवसाढवळ्या पेंगायला लागला. चौथ्या दिवशी त्यानं पुडी पाटात सोडून दिली. "पेंगनारा शिपाई काय कामाचा," म्हणाला. मग गावानं आपापली अक्कल पाजळली. कोणी अंगारा आणला, कोणी टाळूवर तेल थापा म्हणालं. विजयमालाला या सगळ्यांचा वैताग आला होता. खरं सांगायचं तर नवऱ्याचाही आला होता, आणि तो येतो म्हणून स्वतःचीच लाज वाटायची.

माघात हरणाबाई धनगरणीची मेंढरं त्यांच्या रानात बसली. दरसाल ज्वारी निघाली की हरणाबाई आणि तिचा मालक माणदेशातून कोरेगावच्या अंगाला उतरायचे आणि लेंडीखतासाठी लोक आपापल्या रानात त्यांचा कळप बसवून घ्यायचे. हरणाबाईनं दोन दिवस जोतीरामला न्याहाळलं. तिसऱ्या दिवशी काळ्या चकचकीत बियांचं गाठोडं आणून विजयमालापुढं सोडलं.

"खाजकुयलीच्या हायत. माजा सासरा आसाच जागायचा. रोज मूठभर दुधात उकड, साल काढ, वाळव, कूट, आन चमचाभर गुळासंगं दे. मन ताळ्यावर येतं, झोप लागती. पर ते उकडल्यालं दूध वतून टाक. मांजरालाबी घालू नगं."

आता विजयमालाचं माहेर माधवनगरचं. बाप मिलमध्ये, खोली एक, माणसं सात. दूध यायचं पावशेर. आई दुधाचं पातेलं विसळून ते पाणी चहात घालायची. लहानपणी एकदा विजयमालाच्या हातून दूध सांडलं, तर आई रागावली नाही, नुसती फरशीकडं बघत रडली. अशा घरातली पोर तांब्याभर म्हशीचं दूध उकिरड्यावर ओतेल होय? पहिल्या दिवशी ती भांडं घेऊन परड्यात गेली, इकडंतिकडं पाहिलं आणि गटागटा पिऊन टाकलं. खाज असते ती शेंगेवरच्या कुसळांत, दुधाला काय होतंय, असं तिनं मनाशी ठरवलं. पुढं ते रोजचंच झालं.

दहा दिवस जोतीराम भुकटी खात होता आणि खांबाला पाठ लावून जागत होता. विजयमालाला मात्र मळमळायला लागलं. छाती धडधडायची. अंथरुणावर पडलं की डोळे टक्क उघडे, आणि चुकून मिटलेच तर भलभलती स्वप्नं. पाळी तिची कधीच धड नव्हती, त्या खेपेला तर वीस दिवस वर गेले होते. अशात सासूनं, साळूबाईनं, तिला न्हाणीत ओकताना पाहिलं. लग्नाला पाच वर्षं झाली होती. साळूबाईनं देवापुढं साखर ठेवली, आणि दुपारपर्यंत सगळ्या आळीला बातमी कळली.

"आत्याबाई, दम धरा की. नक्की न्हाई काय," विजयमाला म्हणाली.

"मला नगं शिकवूस. चार बाळतपणं झाल्यात माजी."

त्या रात्री जोतीराम जेवून उठला आणि बायकोला म्हणाला, "खरं हाय का गं?"

"आत्याबाई तर म्हनत्यात."

 घोंगडं ओढून आडवा झाला, तो कोंबडं आरवलं तरी उठला नाही. साळूबाईनं सुनेला हातानंच दटावलं, भांडी वाजवू नको म्हणून. विजयमाला चुलीपुढं बसून तोंडात पदर कोंबून रडली. एवढं सुख तिला लग्नातही झालं नव्हतं. बियांनी गुण दिला असंच तिला वाटलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं एका मुठीच्या दोन केल्या. दूध दुप्पट लागलं, आणि तेही तिच्याच पोटात गेलं.

महिनाभर जोतीराम झोपला. गालावर मांस चढलं. म्हशीला शिव्या घालायला लागला, आईची चेष्टा करायला लागला. एक दिवस बाभळीचं लाकूड आणून पाळण्याचे दांडे तासायला बसला. इकडं विजयमाला वाळत चालली, तिचे हात कापायला लागले. तेव्हा साळूबाई तिला कोरेगावला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सासूला बाहेर बसवलं आणि म्हणाल्या, "दिवस गेलेले नाहीत, बाई. खाण्यात काय असतं तुमच्या?"

विजयमालानं सगळं सांगून टाकलं.

"अहो, त्या बियांत एक अमिनो आम्ल असतं, ते मेंदूवर काम करतं. आता तर त्याच्या गोळ्याही निघाल्यात, हातपाय कापणाऱ्यांना देतात. जास्त पोटात गेलं तर उलट्या, धडधड, जागरण, सगळं होतं. बी उकडलं की ते बरंचसं दुधात उतरतं. ते तुम्ही प्यायलात."

"आन मालकांच्या पोटात काय गेलं?"

"चोथाच बहुतेक."

"पर त्यास्नी झोप लागती की वो."

"कधीपासून?"

 तो दिवस विजयमालाला पक्का ठाऊक होता. भुकटी सुरू झाली तो नव्हता, साळूबाईनं साखर ठेवली तो होता.

एसटीत तिनं सासूला सांगितलं.  साळूबाई म्हणाली, "जोतीला सांगू नगंस. झोपू दे त्येला आनकी थोडं दिस."

सांगायची वेळच आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी विजयमालाची पाळी आली. त्या घरात कावळा शिवला की बाईनं तीन दिवस पडवीत पोत्यावर बसायचं, कशाला हात लावायचा नाही. पाळी आलेल्या बाईची सावलीही साळूबाई देवघरावर पडू देत नसे. पण त्या दिवशी तिनं सुनेचा हात धरला.

"ये घरात. चुलीला शिव. देव काय म्हनंल ते माज्यावर."

सासूच्या डोळ्यांत पाणी होतं. विजयमाला उंबऱ्यापर्यंत गेलीसुद्धा. अंगणात जोतीराम दांडा तासत होता, तोंडानं काहीतरी गुणगुणत होता. आज लपवू, पुढच्या महिन्यात लपवू, मग पोट कुठून आणू, हे तिच्या मनात आलं. तिनं हात सोडवून घेतला आणि पडवीत पोतं टाकून बसली.

जोतीरामनं वर पाहिलं.  मग हातातला वाकस खाली ठेवला आणि अंगावरचा भुसा झटकला. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मी सांगनार हुते," ती म्हणाली. "मला लय भ्या वाटलं."

"कवापासनं झोपली न्हाईस तू?"

"म्हयना झाला."

"मग झोप आता. मी हाय बसल्याला."

त्या शब्दांनी ती हमसून हमसून रडली, आणि रडता रडता पोत्यावरच तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा दिवस मावळला होता. अर्धवट तासलेला दांडा अंगणात तसाच पडला होता. जोतीराम सोप्यातल्या त्याच खांबाला पाठ लावून बसला होता, आणि त्याचे डोळे उघडे होते.