रक्त आलं, छान!

“पाय घट्ट धरा. बघवत नसेल तर भिंतीकडे तोंड करा,” ड्रेसिंगबाई थोरल्या भावाला म्हणाली आणि धाकट्याच्या मांडीत कोंबलेली पट्टी चिमट्याने हळूहळू ओढू लागली. पट्टी सलाईनने चिंब भिजवून घेतली होती, दुखणं कमी करायचं इंजेक्शनही आधीच दिलं होतं. तरी धाकट्याने अशी किंकाळी फोडली की बाहेर बाकावरच्या म्हातारीने कानांवर हात ठेवले.

टेबलाभोवती नर्सिंगच्या पोरींनी कोंडाळं केलं होतं. सगळ्यात पुढे चिमटी. अंगाने इतकी किडकिडीत की वॉर्डात आल्या आल्या तिचं हे बारसं झालं होतं, आणि आता तिला खऱ्या नावाने हाक मारली तर तीच आधी मागे वळून बघायची, कोणाला बोलावलं म्हणून.

“काय दिसतंय?” ड्रेसिंगबाईने विचारलं.

“जखम, मॅडम.”

“ती तर वॉचमनलाही दिसते. रंग सांग.”

“कडेला लाल. मध्ये पिवळं, चिकट.”

“पिवळं म्हणजे मेलेलं. ते असेपर्यंत खाली नवीन काही उगवायचं नाही. शरीर आपलं काम बरोबर करतं, ग. आधी रक्त गोठवून भोक बुजवतं. मग सफाईवाले पाठवतं. म्हणून तर लाली येते, ऊब येते, सूज येते, ठणका लागतो. ही चार मंडळी आली की घाबरायचं नाही, कामाला माणसं लागली म्हणायचं. आणि सफाई झाली की बांधकाम. तळातून लालबुंद, दाणेदार मांस वर चढत येतं.”

“एवढं सगळं करण्यापेक्षा शिवून का टाकत नाही एकदाची?” भिंतीकडे तोंड करून थोरल्याने विचारलं. रोज विचारायचा.

“घाण आत गेलेली जखम आहे. वरून शिवली तर वरून सुरेख दिसेल आणि आत पू कोंडेल. ही तळापासूनच भरायला हवी. वेळ लागेल.”

“किती?”

“तिला वाटेल तितका.”

दोघा भावांची लोखंडी दारं-खिडक्या करायची शेड होती. धाकट्याला वेगळं व्हायचं होतं; शेजारच्याच गल्लीत, आपल्या नावाची पाटी लावून. एवढंच म्हणाला होता तो. त्यावर शब्दाला शब्द वाढला आणि दुपारी त्याला हातगाडीवर घालून आणलं, तेव्हा गाडीतून रक्ताची धार रस्त्यावर येत होती. गाडी थोरलाच ओढत होता. “पत्रा निसटला,” असं धाकट्याने डॉक्टरांना सांगितलं, पोलिसांना सांगितलं, शुद्ध जाता जाता पुन्हा एकदा सांगितलं. पोलिसांनी लिहून घेतलं आणि विषय मिटला. ड्रेसिंगबाईने मात्र जखम पाहिली होती. निसटलेला पत्रा खाली येतो, पावलावर पडतो. हा वार मांडीच्या मागून निघून तिरका वर गेला होता. ती तेव्हा बोलली नाही. घरी तीन वर्षांची पोर, डोक्याला आधीच शंभर काळज्या. कोणाच्या घरातल्या भांडणात कशाला पडा, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

थोरला रोज यायचा. दारावर ‘चपला बाहेर’ अशी पाटी होती, तर हा एकटाच ती पाळायचा. डॉक्टरसुद्धा खुशाल बूट वाजवत आत यायचे. हा चपला काढायचा, एकीशेजारी एक नीट लावायचा, आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांनी डागाळलेल्या हातांनी भावाचा पाय असा धरायचा की पाय हलायची बिशाद नव्हती.

“आता थोडं खरवडणार,” ड्रेसिंगबाई म्हणाली.

धाकट्याने दात आवळले. मग आवळलेले दात सुटले.

“दादा, नको ना! दादा, नको!”

थोरल्याची बोटं पायात रुतली. ते तिला दिसलं नाही. तिचं सगळं लक्ष पिवळ्या थराखाली होतं. तो थर सुटला आणि खालून लाल ठिपके उमटले, ठिपक्यांचे थेंब झाले. मेलेलं मांस रक्त देत नाही. म्हणजे खाली जिवंत होतं. रोज पोरींना सांगायची सवय, तशीच ती बोलून गेली.

“रक्त आलं, छान!”

थोरल्याने पाय सोडला.

“छान?” तो म्हणाला. “छान वाटतं तुला?”

ती मान वर करेपर्यंत स्टीलचा ट्रे तिच्या भुवईवर आदळला. दुसरा घाव खांद्यावर बसला. ती खाली गेली, तिच्याबरोबर ट्रॉली गेली, बाटल्या फुटल्या. त्याने ट्रॉलीला लाथ घातली, टेबलाला घातली, भिंतीवर मूठ हाणली. भिंत त्याला पुरी पडेना. “छान! छान म्हणते! माणूस मरतोय आणि ही छान म्हणते!” पोरी किंचाळत कोपऱ्यात दडल्या. मावशीने फरशी पुसायच्या काठीने त्याच्या पाठीत दोन ठेवून दिल्या, काठीच मोडली. आणि मग उघड्या मांडीनिशी धाकटा टेबलावरून उतरला. एका पायावर लंगडत गेला आणि त्याने मागून भावाच्या कमरेला मिठी मारली. “दादा, सोड! दादा, माझ्याकडे बघ!” फरशीवर दोघांच्या पायांखाली रक्त चिखलासारखं तुडवलं जात होतं. वॉचमन धावत आले, त्यांनी थोरल्याला ओढत फाटकाबाहेर नेलं.

ड्रेसिंगबाई भिंतीला टेकून बसली होती. एका डोळ्यावर रक्ताचा पडदा आला होता.

“चिमटे, तोंड मिटून घे आणि आधी त्याचा पाय झाक,” ती म्हणाली. “मग माझ्याकडे ये.”

चिमटी आली, तिने गॉजची घडी भुवईवर धरली. दर क्षणाला ती घडी उचलून बघत होती.

“सारखं उचलून बघू नकोस. दाबून धर. रक्ताला गोठायला सवड दे.”

“मॅडम, तुम्ही आतासुद्धा शिकवताय?”

“मग कधी शिकवू? रोज कोण फोडून घेणार आहे?”

डॉक्टरांनी टाके घातले. चिमटीला राहवलं नाही. “तुम्हाला टाके आणि त्याला नाहीत?”

“माझी ताजी, स्वच्छ. कडा जुळतात. त्याची तशी नाही,” ती म्हणाली आणि मग तिला ओकारी आली.

मेट्रन येऊन गेल्या. “उद्या सकाळी पोलिस येतील. सगळं सांगायचं. दयामाया दाखवायची नाही, सांगून ठेवते.” त्या गेल्यावर धाकट्याने खाटेवरून हाक मारली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“सिस्टर, तक्रार नका करू. तो माझ्यापायी पिसाळतो हो. मनाने वाईट नाही.”

मनाने वाईट नाही, हे वाक्य तिने या खोलीत इतक्या फुटक्या तोंडांतून ऐकलं होतं.

घरी आली तर नवरा दारातच. “बस झालं. सोड ती नोकरी. डोळा गेला असता तर?”

“गेला नाही ना.”

“म्हणजे जाईपर्यंत थांबायचं का?”

“अरे, मला पाच मिनिटं बसू दे,” ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. डोकं घणाचे घाव बसल्यासारखं वाजत होतं. ठकू, तिची लेक, कुठूनशी पळत आली आणि मांडीवर चढली. “आईला बाऊ? बघू?” म्हणत तिने चिमुकलं बोट भुवईवरच्या पट्टीत खुपसलं आणि पट्टी ओढली.

तिचा हात सुटला.

हात सुटला हे तिला आवाज झाल्यावर कळलं. पूर्ण ताकदीने, मोठ्या माणसाला मारावं तसा. ठकू मांडीवरून खाली पडली. क्षणभर रडलीच नाही, नुसती तोंड उघडं ठेवून आईकडे बघत राहिली. मग जो टाहो फोडला तो ऐकून सासूबाई आतून धावत आल्या.

“अगं, अगं! माणूस आहेस की कोण? एवढ्याशा जिवावर?” त्यांनी पोरीला उचलून कडेवर घेतलं, पाठमोऱ्या झाल्या. त्यांच्या खांद्यावरून ठकूचा गाल दिसत होता. आधी पांढरी बोटं उमटली, मग ती तांबडी होत गेली. लाली. सूज. हात लावला असता तर ऊबही लागली असती. चौथा ठणका, तो मात्र दुसऱ्याला दिसत नाही.

“मी घेते तिला,” ती म्हणाली.

“राहू दे आता,” सासूबाई म्हणाल्या.

सकाळी ती कामावर गेली. नवरा फाटकापर्यंत सोडायला आला. मेट्रनच्या खोलीत हवालदार बसले होते. तिने सगळं सांगितलं. ट्रे, खांदा, लाथा. आणि ते लिहून झाल्यावर म्हणाली, “अजून एक आहे. धाकट्याची जखम.”

“तो पत्र्याचा अपघात ना?”

“निसटलेला पत्रा मागून वर चढत नाही.”

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. “तो स्वतः सांगतोय की निसटला म्हणून.”

“त्याचं त्याला विचारा. मी जखमेचं सांगितलं. तेव्हाच सांगायला हवं होतं.”

बाहेर आली तर थोरला ड्रेसिंगच्या खोलीबाहेर उभा. वॉचमनने दोन्ही दंड धरले होते, पण तो धरून ठेवण्यासारखा उभा नव्हताच. आपण होऊन आला होता. अनवाणी. चपला दाराशी, एकीशेजारी एक.

“चला,” हवालदार म्हणाले.

“थांबा,” ड्रेसिंगबाई म्हणाली. “आधी ड्रेसिंग होऊ दे.”

“बाई, काल या माणसाने तुम्हाला फोडलंय!”

“मला ठाऊक आहे. माझंच कपाळ आहे. पण परवा हा उशिरा आला, वॉर्डबॉयने पाय धरला तर पेशंटने टेबल उलथायचं बाकी ठेवलं होतं. पाय यालाच धरू दे. तुम्ही दारात उभे राहा. दार उघडंच असू दे.”

ट्रे तिने आपल्या पलीकडे ठेवला. चिमटी आज दोन पावलं मागे होती, मावशी नवी काठी घेऊन दारातच. थोरल्याने पाय धरला. ड्रेसिंगबाईने चिमटा उचलला. तिने मनगट टेबलाच्या कडेवर टेकवून घेतलं. त्याच्या हातांपासून तिचं डोकं वीतभर अंतरावर होतं. वाकल्याशिवाय जखम दिसत नव्हती. ती वाकली.

आज त्याने भिंतीकडे तोंड केलं नाही.

“खरवडणार?” त्याने विचारलं.

“थोडंसं राहिलंय.”

“दादा,” धाकटा कण्हला, “नको ना रे. नको.”

थोरल्याची बोटं आवळली गेली. ड्रेसिंगबाईचा चिमटा हवेत थांबला. दारातले हवालदार एक पाऊल आत आले.

“त्या दिवशी पण हेच म्हणाला हा,” थोरला जखमेकडे बघत म्हणाला. “पाठ करून पळत होता आणि म्हणत होता. दादा, नको. मी ऐकलं. कानाने ऐकलं मी. तरी मारला.”

“दादा, गप!”

“पत्रा निसटला नव्हता.”

“दादा, तुझ्या पाया पडतो, गप बस!”

“हातात होता माझ्या.”

ड्रेसिंगबाईने शेवटचा पिवळा पापुद्रा सोडवला. धाकटा ओरडला, पण पाय हलला नाही.

“रक्त आलं?” थोरल्याने विचारलं.

“आलं,” ती म्हणाली. पुढचा शब्द जिभेवर आला होता, तो तिने गिळला.

“छान!” धाकटाच ओरडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “झालं समाधान? आता जा, बस आत जाऊन! मी कुणासाठी खोटं बोललो?”

तिने ओली पट्टी भरली, वरून कोरडी गुंडाळली, गाठ मारली. गाठ बसेपर्यंत थोरल्याने पाय सोडला नाही. सोडला तेव्हा धाकट्याच्या कातडीवर त्याच्या बोटांचे ठसे होते. ते बघता बघता विरले. तो हवालदारांबरोबर व्हरांड्यातून चालत गेला. वळणाशी एकदा थांबला, त्याची बोटं अजून पाय धरल्यासारखी वाकलेली होती.

“मॅडम, त्याच्या चपला राहिल्या,” चिमटी म्हणाली.

“इकडे आणा,” धाकटा भिंतीकडे तोंड करून म्हणाला. “माझ्या खाटेखाली ठेवा.”

चिमटीने मॅडमकडे पाहिलं. आत चपला चालत नाहीत. ड्रेसिंगबाईने मान हलवली. चिमटीने त्या उचलल्या, दोन्ही हातांनी, निर्जंतुक सामान धरावं तशा.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा ठकू जमिनीवर ठोकळे मांडत होती. गाल स्वच्छ होता. कालचं काही झालंच नव्हतं असा गोरा, गुबगुबीत गाल. तिला एकदम हायसं वाटलं. ती शेजारी बसली. ठकूच्या डोळ्यांवर केस आले होते. ते मागे सारायला तिने हात उचलला.

ठकूने डोळे गच्च मिटले आणि मान खांद्यांत ओढून घेतली.

हात तिथेच राहिला. मग तिने तो खाली आणला, दुसराही आणला, दोन्ही तळवे वर करून आपल्या मांडीवर ठेवले. ठकू एक डोळा उघडून त्या हातांकडे बघत होती. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं, “काय ग, आलीस का?” हलली, बोलली तर पोर उठून जाईल, असं तिला वाटत होतं. बऱ्याच वेळाने ठकूने एक ठोकळा उचलला, हाताशेजारी आणला आणि तळव्यावर न ठेवता, जवळच जमिनीवर ठेवला.